मांद्र्याचे भाऊ दाजी आणि एक न सांगितलेलं औषध

मांद्रे म्हटलं की आज समुद्रकिनारा, शॅक आणि भाड्याच्या स्कूटरी आठवतात. पेडणे महालातल्या याच गावात १८२२ च्या सुमारास जन्मलेल्या एका मुलाचं नाव मुंबईतल्या सर्वांत जुन्या वस्तुसंग्रहालयाला दिलेलं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच. सहलीला गेलेली मंडळी बागेतले प्राणी बघतात, पेंग्विन बघतात आणि बाहेरच्या बाहेर परत येतात. ‘हे लाड कोण?’ असं विचारणारा विरळाच.

मंडळाच्या यंदाच्या अंकासाठी ‘गोमंतकातली एक व्यक्ती’ असा विषय आला तेव्हा मी हेच नाव दिलं. त्याला माझं स्वतःचं एक कारण आहे. मी मूळची डिचोलीची, या कॉलेजची माजी विद्यार्थिनी, आणि सध्या माझा सगळा दिवस शरीरातल्या प्रथिनांमागे जातो. जखम झाली की शरीर ती कशी भरून काढतं, आणि भरता भरता कधी कधी थांबायचंच कसं विसरतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. या थांबायचं विसरण्याला फायब्रोसिस म्हणतात. मऊ, कामाच्या ऊतीच्या जागी कडक तंतूंचा गोळा होऊन बसतो. या विषयाचं वाचता वाचता मी कुष्ठरोगापर्यंत पोचले, आणि कुष्ठरोगाच्या इतिहासातून मांद्र्यापर्यंत.

पाळण्यातलं नाव कुठे रामकृष्ण, तर कुठे रामचंद्र असं छापलेलं दिसतं. वडील विठ्ठल. घरात मुलाला भाऊ म्हणायचे, वडिलांना दाजी, आणि जगाने पुढे तेच नाव उचललं : भाऊ दाजी. गावाचं नाव काही जुन्या पुस्तकांत मांजरे असं आढळतं, ते आपलं मांद्रे. पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे आलं, डिचोली त्याआधी काही वर्षं. म्हणजे भाऊंच्या जन्माच्या वेळी या नव्या काबिजादीला पोर्तुगीज अंमलाची जेमतेम एक पिढी झाली होती. घरची गरिबी. कुटुंब मुंबईला गेलं आणि वडील मातीच्या बाहुल्या करून विकत. मुलगा बुद्धिबळात भलता हुशार होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना सांगितलं, की याला इंग्रजी शिकवा. अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रंगवलेली, मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकला आणि पुढे तिथेच शिक्षक झाला, एवढं नक्की. काठेवाड आणि कच्छमध्ये मुलींना जन्मताच मारण्याची जी चाल होती तिच्याविरुद्ध त्याने इंग्रजीत निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळालं आणि १८४७ मध्ये तो छापून निघाला.

इथवर आला असता तरी त्या काळच्या मानाने पुष्कळ झालं असतं. पण १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि भाऊंनी मास्तरकी सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसायचं ठरवलं. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. पगाराची नोकरी, घरची ओढाताण, आणि समोर मुडद्याला हात लावायचं शिक्षण! सोवळ्याओवळ्याच्या त्या दिवसांत शवविच्छेदन करून घरी परतणाऱ्या मुलाकडे शेजारीपाजारी कसे बघत असतील, याची कल्पना करा.

या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये आठ जण पदवीधर झाले. नावं वाचली तर गंमत वाटेल. सेबास्तियांव आंतोनियु द कार्व्हालो, अनंत चंद्रोबा, आत्माराम पांडुरंग, भाऊ दाजी, पॉल फ्रान्सिस गोम्स, जुझे कामिलु लिस्बोआ, मेरवानजी सोराबजी, बरजोरजी दोराबजी. हिंदू, ख्रिस्ती, पारशी एकाच टेबलाभोवती. यांतले लिस्बोआ आपल्या गोव्याचेच, पुढे वनस्पतिशास्त्रात त्यांनी नाव काढलं. आत्माराम पांडुरंगांनी प्रार्थना समाज उभा केला. आपण गोंयकार मुंबईत जाऊन काय करतो, असं कोणी विचारलं तर ही यादी दाखवावी.

पदवी घेतल्यावर भाऊंनी मुंबईत दवाखाना घातला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. दोघांनाही फोटोग्राफीचा नाद होता, आणि ही कला तेव्हा जगातच नवी होती. व्यवसाय जोरात चालला. पैसा आला, मान आला. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचं चिटणीसपद, शिक्षण मंडळाचं सदस्यत्व, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये नाव, मुलींच्या शाळांसाठी झटणं, १८६९ आणि १८७१ अशी दोनदा मुंबईची शेरीफकी. संग्रहालयाच्या समितीचं काम ते जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर बघत. एवढी कामं एका माणसाला कशी जमली, याचं कौतुक सगळे चरित्रकार करतात. मला मात्र वाचताना थोडी धास्तीच वाटते. इतकं पसरलेला माणूस एखादी गोष्ट शेवटाला नेणार कधी?

त्यांचा खरा जीव दोन ठिकाणी होता. एक जुन्या पोथ्या आणि शिलालेख, दुसरं औषधी वनस्पती. आणि त्यांच्यापुरती ही दोन कामं नव्हतीच, एकच होतं. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत एखाद्या झाडाचा गुण सांगितलेला असे. ते झाड आज कुठलं, ते कुठे मिळतं, त्याचं औषध खरंच लागू पडतं का, हे त्यांना स्वतः तपासायचं असे. ग्रंथात आहे म्हणून खरं, असंही नाही आणि देशी म्हणून टाकाऊ, असंही नाही. हीच दृष्टी त्यांनी इतिहासाला लावली. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांचे काळ कोणते, ग्रंथ अस्सल कोणते, यावर त्यांनी १८६५ मध्ये टिपण छापलं. त्यासाठी आर्यभटाच्या पोथ्या त्यांनी शोधून मिळवल्या, आणि ते नाव ‘आर्यभट्ट’ नसून ‘आर्यभट’ आहे हे दाखवून दिलं. आज आपण शाळेच्या पुस्तकात एक ‘ट’ लिहितो ना, त्यामागे हा पेडण्याचा माणूस आहे. (अजून कितीतरी जण दोन लिहितात, ते सोडा.)

कालिदासावर त्यांनी लिहिलं, अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख वाचले, गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या रुद्रदामनाच्या लेखावर काम केलं. यात त्यांच्या हाताशी एक तरुण होता, जुनागढचा भगवानलाल इंद्रजी. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला भाऊंनी त्याला मुंबईला आणलं. देशभर हिंडून लेखांचे ठसे घ्यायचे, अक्षरं लावायची, नाणी गोळा करायची, हे सगळं भगवानलाल करत. खर्च भाऊंचा. निबंधांवर नाव मात्र भाऊंचं. तेव्हाची रीतच तशी होती, असं म्हणून हे सोडून देता येतं. पण प्रयोगशाळेत रात्री जागून कोणी जेल चालवली आणि पेपरवर कोणाचं नाव आलं, हे प्रश्न आम्हाला आजही पडतात. त्यामुळे मला तरी ते इतक्या सहज सोडवत नाही.

१८६२ चं महाराज लायबल प्रकरण आता सिनेमामुळे पुष्कळांना माहीत झालंय. वैष्णवांच्या महाराजांचा अनाचार करसनदास मूळजींनी ‘सत्यप्रकाश’ पत्रात उघड केला, आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाऊ दाजी करसनदासांच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभे राहिले. आपण महाराज मंडळींवर उपचार केलेले आहेत, आणि ते कुठल्या रोगांवर, हे त्यांनी शपथेवर सांगितलं. दावा करसनदासांनी जिंकला. पण एक डॉक्टर आपल्या रुग्णाची गोष्ट भर कोर्टात सांगतो, ही बाब साधी नाही. पैसेवाले रुग्ण तुटतील, समाजात वैर येईल, हे त्यांना दिसत नसेल असं थोडंच आहे? तरी बोलले. जिथे गप्प राहणं सोयीचं होतं तिथे हा माणूस बोलला, हे लक्षात ठेवा. कारण पुढची हकिकत नेमकी उलट आहे.

आता कुष्ठरोग. तेव्हा महारोग म्हणत. म्हणायचे काय, घाबरायचे. घरातून बाहेर काढलेली माणसं मुंबईच्या रस्त्यांवर आणि धर्मशाळांत पडलेली असत. रोग कशाने होतो ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आनुवंशिक म्हणावा तर काहींना आईबापांत नसताना होई, संसर्गजन्य म्हणावा तर जन्मभर शेजारी राहूनही काहींना होत नसे. सुश्रुताच्या ग्रंथात तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचं तेल कुष्ठावर सांगितलेलं आहे, आणि ते झाड पश्चिम समुद्राच्या काठच्या प्रदेशात वाढतं असंही म्हटलेलं आहे. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपलीच बाजू. या झाडाला आपल्याकडे खष्ट म्हणतात, काही ठिकाणी कडू कवठी. ओहोळाच्या काठाने, ओलसर रानात ते वाढतं. चेंडूसारखं, कठीण सालीचं तपकिरी फळ, आत तेलकट बिया. फळ ठेचून पाण्यात टाकलं की मासे गुंगून वर येतात. जुन्या लोकांना हे झाड माशांमुळेही माहीत होतं आणि खरजेवरच्या तेलामुळेही.

भाऊंनी कुष्ठरोग्यांवर जे तेल वापरलं ते याच जातीतल्या झाडाचं. रुग्णांवर वर्षानुवर्षं त्यांनी ते वापरून पाहिलं, आणि चट्टे उतरताहेत, रोगी सुधारताहेत असं त्यांना दिसलं. बातमी पसरली. मुंबईत आणि मुंबईबाहेर चर्चा सुरू झाली. पण औषध कशाचं, हे भाऊ सांगेनात. पुरेसे रुग्ण पाहून खात्री झाल्याशिवाय जाहीर करायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. डॉक्टर मंडळींनी टीका केली. ज्याचं नावगाव सांगत नाही ते औषध तपासायचं कसं?

मला या वादात दोन्ही बाजू दिसतात. गोऱ्या डॉक्टरांच्या त्या जगात एका देशी डॉक्टरने अर्ध्या पुराव्यावर औषध पुढे केलं असतं, तर पहिल्याच चार रुग्णांत अपयश दाखवून ते कायमचं निकालात काढलं गेलं असतं. ही भीती खोटी नव्हती. शिवाय गरिबांना फुकट औषध देणाऱ्या माणसावर नुसत्या लोभाचा आरोप टिकत नाही. तरीही माझं मत टीकाकारांच्या बाजूने पडतं. खात्री एकट्याने होत नसते. दहा ठिकाणच्या दहा जणांनी तेच करून पाहावं लागतं, आणि त्यासाठी आधी सांगावं लागतं.

एकट्याने खात्री का होत नाही, याचं उत्तर कुष्ठरोगाच्या बाबतीत थेट ऊतींतच आहे. या रोगाचा जंतू अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. आजवर कोणालाही तो नुसत्या काचपात्रात वाढवता आलेला नाही. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात : कातडी, नाक, कानाच्या पाळ्या, आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसा. नसांतल्या तंतूंवर श्वान पेशींचं आवरण असतं. त्या पेशींच्या बाहेर लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं. जंतू या प्रथिनाला चिकटतो आणि त्याच्या आधाराने आत शिरतो. ही गोष्ट १९९० च्या दशकाच्या अखेरीस उलगडली. मग शरीराचा प्रतिकार जागा होतो, नस सुजते, आणि सूज ओसरताना डागडुजी करणाऱ्या पेशी तिथे कोलॅजन ओतत बसतात. जखम भरायला लागतं तेच हे कोलॅजन. पण नसेच्या नाजूक नळीत ते साचलं की तंतू गुदमरतात. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते, बोटं वाकडी होतात, आणि चटका बसला तरी कळत नाही.

म्हणजे एकाच रोग्याच्या अंगावर दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. कातडीवरचे चट्टे वाढतात, ओसरतात, कधी आपोआपही फिके पडतात. ते तेलानेही थोडेबहुत उतरत असावेत. पण नसेत एकदा फायब्रोसिस झालं की ते परत फिरत नाही, आजही नाही. चट्टा बघून ठरवलं तर रोगी बरा झाला, आणि हाताची बधिरता बघून ठरवलं तर काहीच झालं नाही. भाऊंच्या काळी मुंबईतच हेन्री व्हँडाइक कार्टर हे डॉक्टर कुष्ठरोग्यांच्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रं काढणारे कार्टर ते हेच, आणि ते ग्रँट मेडिकल कॉलेजातच शिकवत. एकाकडे औषध आणि रुग्ण, दुसऱ्याकडे ऊती आणि सूक्ष्मदर्शक. औषध उघडं असतं तर या दोन गोष्टी एका टेबलावर येऊ शकल्या असत्या. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याचीच.

१८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनला हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. कार्टर तिकडे जाऊन आले. भाऊ दाजींच्या हातात तेव्हा फार दिवस उरले नव्हते. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आसपास.

त्या तेलाचं पुढे काय झालं? लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी १९०४ पासून त्यातली आम्लं वेगळी केली. त्यांतल्या एकाचं नावच खष्टाच्या शास्त्रीय नावावरून हिड्नोकार्पिक आम्ल असं पडलं. तेल पोटात घेतलं की ओकाऱ्या होत आणि टोचलं तर गाठी होत. हवाईत अ‍ॅलिस बॉल या तेविशीतल्या कृष्णवर्णीय मुलीने १९१५ च्या सुमारास त्याला इथाइल एस्टरचं रूप देऊन टोचण्याजोगं केलं. १९१६ च्या अखेरीस ती वारली आणि तिचं काम दुसऱ्याने आपल्या नावावर छापलं. तीसेक वर्षं जगभर हेच औषध होतं. मग १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, १९८२ पासून तीन औषधांची एकत्र गोळी-योजना, आणि कुष्ठरोग खरोखर बरा होऊ लागला. पण बरा होतो तो जंतू मरतो म्हणून. गेलेली नस परत येत नाही, आणि आमच्यासारख्यांचं काम तिथेच अडलेलं आहे. मधल्या काळात मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगातल्या नसांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या आडनावातली खानोली वेंगुर्ल्याकडची, म्हणजे तेरेखोल ओलांडली की थोडंसं पुढे. या एवढ्याशा पट्ट्याने कुष्ठरोगाच्या अभ्यासाला दोन माणसं दिली, हा योगायोगच म्हणायचा.

भाऊंच्या नावाने मुंबईत मुलींची शाळा चालली. विखुरलेले निबंध १८८८ मध्ये कलकत्त्याला रामचंद्र घोष यांनी पुस्तकात गोळा केले. मराठीत त्यांचं सविस्तर चरित्र लिहिलं ते अ. का. प्रियोळकर या दुसऱ्या गोमंतकीयाने. आपल्या लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या भायखळ्याच्या संग्रहालयाचं व्हिक्टोरिया-आल्बर्ट हे नाव जाऊन भाऊंचं नाव लागायला मात्र १९७५ उजाडलं.

आणि भगवानलाल? भाऊ वारले तेव्हा ते त्यांच्याच खर्चाने निघालेल्या उत्तरेच्या दौऱ्यावर होते. नेपाळातले शिलालेख त्यांनी याच प्रवासात उतरवून घेतले. परत आले तेव्हा ते कागद ज्याच्यासमोर ठेवायचे तो माणूस राहिला नव्हता. सहा वर्षांनी, १८८० मध्ये, ते लेख ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आले, भगवानलाल इंद्रजी या नावाने. १८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.